शुक्रवारची वही

१. रिकामा खिळा

शनिवारी सकाळी सात वाजता कोच मॅकक्वेडने व्यायामशाळेमागची खोली उघडली, कंदील वर धरला आणि तो भिंतीकडे पाहतच राहिला. खिळा जागेवर होता. त्याला टांगलेली वही नव्हती.

तशी ती काळ्या पुठ्ठ्याची साधी शाळकरी वही. पण टॅमरॅक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा जीव त्या वहीत होता. दर शुक्रवारी कोच त्यात नवे आकडे लिहायचा. कुठला आकडा म्हणजे चेंडू डावीकडून न्यायचा, कुठला म्हणजे उजवीकडून, कुठला म्हणजे मधोमध मुसंडी. मैदानावर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल सुरू करणारा गडी, ते आकडे मोठ्याने ओरडायचा. आपल्या दहा जणांना अर्थ कळायचा आणि समोरच्यांना नुसता गोंगाट ऐकू यायचा.

त्या दिवशी दुपारी वॉर्नर्स फेरी या गावच्या कॉलेजच्या मैदानावर समोरच्यांना सगळं कळत होतं. चेंडू डावीकडे निघायच्या आत त्यांचे पाच जण डावीकडे हजर. उजवीकडे वळावं तर तिथं भिंत उभी. टॅमरॅक एकोणतीस विरुद्ध शून्य असा हरला. परतीच्या आगगाडीत सगळे चिखलाच्या कपड्यांतच बसून होते.

सोमवार उजाडेपर्यंत गावाचा निकाल लागला होता. वही विकली गेली. विकणाराही ठरला होता, लोरिन स्टॅडलर, संघाचा क्वार्टरबॅक. शुक्रवारी खोलीतून सगळ्यांत शेवटी तोच बाहेर पडला. त्याला दर आठवड्याला वॉर्नर्स फेरीचा शिक्का असलेलं, बायकी अक्षरातलं पाकीट येतं. आणि तोंडावर विचारलं तर तो उत्तर देत नाही.

प्राचार्य हॅझलटाइन यांनी गणिताच्या प्रोफेसर पॉमरॉयना बोलावून घेतलं.

"बुधवारी सकाळी दहाला समिती बसतेय," प्राचार्य म्हणाले. "तोवर दुसरं काही पुढं आलं नाही तर स्टॅडलरला कॉलेजातून काढावं लागेल. नुसतं संघातून नाही. त्याच्या प्रमाणपत्रावर तसा शेरा पडेल, आणि त्यानंतर त्याला दुसरं कॉलेजही उभं करणार नाही. तुम्ही चौकशी करा."

"मी? मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं त्या सगळ्यांनी आधीच गुन्हेगार नक्की केलाय."

ॲन्सेल पॉमरॉय एकसष्ट वर्षांचे. लग्न केलं नाही, बहीण होती ती सहा वर्षांपूर्वी गेली. मिसेस प्रुइटच्या खाणावळीत वरच्या दोन खोल्यांत राहायचे. अठरा हिवाळे त्यांनी त्या मैदानाच्या कडेने घरी जाण्यात घालवले. बावीस धट्टीकट्टी पोरं अंड्याच्या आकाराच्या चेंडूसाठी चिखलात एकमेकांच्या उरावर बसतात, एवढीच त्यांची या विषयातली विद्वत्ता. पण चौकशीचं काम त्यांना आवडलं. निदान तीन दिवस लोक त्यांच्याशी बोलणार होते.

२. तीन वेळा नाही

कोच मॅकक्वेड खुर्चीत न बसता खोलीभर फिरत होता.

"यात विचारायचं काय आहे, प्रोफेसर? वही शुक्रवारी गेली, शनिवारी आम्ही हरलो. शाळकरी पोरसुद्धा बेरीज करेल."

"वही खोलीतच का ठेवत होता?"

"पूर्वी नव्हतो ठेवत. आत्ताआत्तापर्यंत पोरं शुक्रवारी पाळीपाळीने घरी न्यायची. पाठ करायची आणि सोमवारच्या सरावाला आणून खिळ्याला अडकवायची. यंदा लागोपाठ दोन सामने हातचे गेले. समोरच्यांना आमच्या चाली आधीच कळल्यासारख्या वाटल्या. म्हणून मागच्या आठवड्यात सगळ्यांना रांगेत उभं करून बजावलं, की यापुढं वही या खोलीबाहेर जाणार नाही."

"लेखी सूचना लावली होती?"

कोच हसला. "फुटबॉलात लेखी कसलं आलंय? मी ओरडतो, ते ऐकतात. शनिवारी फलाटावरही ओरडलो. ज्याने नेली असेल त्याने आत्ता पुढं यावं, मी एक शब्द बोलणार नाही म्हणालो. अकराही जण बुटांकडे बघत उभे."

पॉमरॉयनी टिपून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "बाकीच्या पोरांत काही फरक जाणवला यंदा?"

"पोरं आहेत तशी आहेत. डावा टॅकल, म्हणजे डाव्या बाजूने पुढं उभा राहून समोरच्यांना अडवणारा, होवलँड तेवढा सुधारला म्हणायचा. गेल्या वर्षी चेंडू हलायच्या आत उडी घ्यायचा, दर सामन्यात दंड बसायचा. यंदा एकदाही नाही. पण आता सगळ्यांच्या मागून हलतो. शिस्त लागली म्हणावं की आळस, देव जाणे."

संघाचा व्यवस्थापक क्लिफर्ड बेन्स गोरागोमटा, कडक कॉलरचा. खोलीची दुसरी किल्ली त्याच्या घड्याळाच्या साखळीला असायची.

"सहाला कुलूप लावलं, सर. वही आहे का ते पाहिलं नाही, हा माझा गुन्हा. तिथून थेट चर्चच्या गायकवृंदात गेलो, नऊपर्यंत. चाळीस माणसं शपथेवर सांगतील. अर्थात माझा आवाज ऐकून त्यातली निम्मी सांगायला नकार देतील."

"कुलूप तोडलेलं नव्हतं?"

"ओरखडासुद्धा नाही. म्हणजे वही गेली ती सहाच्या आत, दार उघडं असताना. संघातल्याच कुणाच्या तरी कोटाखालून." त्याने साखळीची किल्ली चाचपली. "सर, खरं सांगू? लोरिन असलं करेल असं मला वाटत नाही. पण वाटण्याला विचारतो कोण?"

म्हातारा डूलिन खेळाडूंचं अंग चोळून द्यायचा आणि व्यायामशाळा झाडायचा. पूर्वी तो वॉर्नर्स फेरीच्या नोकरीत होता. संशयाचं एक बोट त्याच्याकडेही होतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बारा वर्षं चाकरी केली, आणि एक दिवस ट्रंकेसकट रस्त्यावर काढलं त्यांनी मला. त्यांना मी वही विकेन? विकलंच तर विष विकेन, प्रोफेसरसाहेब."

"आज सकाळी व्यायामशाळेकडे कोणी आलं होतं?"

"खोलीला कोचने आपलं कुलूप ठोकलंय, सराव बंद. कोण येणार? हां, होवलँड आला होता. कुलूप बघून दारापाशी उभा राहिला बराच वेळ. मी मागून दोनदा हाक मारली. वळूनसुद्धा पाहिलं नाही, गेला निघून. पूर्वी सरावानंतर अर्धा तास माझ्याशी गप्पा छाटायचा हो. मोठी झाली पोरं की म्हातारे दिसेनासे होतात."

दुपारी पॉमरॉयनी खेळाडूंना एकेक करून वर्गात बोलावलं. प्रश्न सगळ्यांना तेच तीन. मान खाली घालून प्रोफेसर उत्तरं लिहून घेत होते. शुक्रवारी वही घेऊन जाताना कुणाला पाहिलंस? कुणी नेली असेल याचा काही अंदाज? स्टॅडलरला बुधवारी काढून टाकतील, त्याच्या बाजूने तुला काही सांगायचंय?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक पोरं घुटमळली. दोघांचे डोळे भरून आले. एकाने टेबलावर मूठ आपटली.

आमुंड होवलँड आला तेव्हा दारात सावली पडली, एवढा तो आडदांड होता. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. पुढच्या वर्षी गावाकडच्या शाळेत मास्तर व्हायचं ठरलेलं. दोन वर्षं स्टॅडलर आणि तो जोडीनेच फिरायचे.

"वही नेताना कुणाला पाहिलंस?"

"नाही, सर."

"काही अंदाज?"

"नाही, सर."

"स्टॅडलरला काढून टाकतील. त्याच्यासाठी काही सांगायचंय?"

"नाही, सर."

पॉमरॉयनी मान वर केली. होवलँडच्या चेहऱ्यावर ना दुःख ना लाज. तो अदबीने हसत उभा होता. पोरं इतकी कोरडी असू शकतात, असं मनाशी म्हणत पॉमरॉयनी पुढच्या पोराला बोलावलं.

३. स्टॅडलरचं मौन

लोरिन स्टॅडलर बारीक, चपळ, तिरसट डोळ्यांचा. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"ती पाकिटं कुणाची?"

"माझ्या बहिणीची. तिथं दिलीय तिला. तिच्या बाळाला दात येतायत, त्याचंच वर्णन असतं चार पानं. हवी तर वाचा."

"वही तू नेलीस?"

"नाही."

"मग समोरच्यांना चाली कशा कळल्या?"

स्टॅडलर खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर मैदानावर बर्फ भुरभुरत होतं.

"लोरिन, तुला माहीत आहे."

"शनिवारपर्यंत नव्हतं माहीत, सर. शनिवारी सामन्याच्या उत्तरार्धात कळलं. तेव्हा फार उशीर झाला होता."

"कुणाला वाचवतोयस?"

"मी काही विकलं नाही. याच्या पलीकडे मला बोलायचं नाही."

"तुझं अख्खं आयुष्य नासेल, पोरा."

"नासलं तर माझं एकट्याचं नासेल."

असं बोलणाऱ्याला पुढं काय विचारायचं? पॉमरॉयनी त्याला जाऊ दिलं. मग दुपारच्या गाडीने त्यांनी वॉर्नर्स फेरीच्या क्रीडाप्रमुखाला पत्र पाठवलं. ओळख नव्हती, पण पत्र साधं होतं. एका मुलाचं भवितव्य पणाला लागलंय, तुम्हाला आमच्या चाली कशा कळल्या ते एक सभ्य गृहस्थ म्हणून सांगा.

मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे प्रार्थना झाली. प्रोफेसरमंडळी व्यासपीठावर, पोरं समोर बाकांवर. घंटा वाजली की सगळ्यांनी उठायचं, दुसऱ्यांदा वाजली की बसायचं. अठरा वर्षांत पॉमरॉयनी ही उठबस कधी पाहिली नव्हती. त्या वेळात ते मनातल्या मनात समीकरणं सोडवायचे. आज मात्र अकरा चेहरे शोधत होते, म्हणून दिसलं.

स्टॅडलरच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. वाळीत टाकलं होतं त्याला. होवलँडही त्याच्याजवळ नव्हता. तो थेट शेवटच्या बाकावर होता. घंटा झाली आणि तीनशे पोरं उठली. होवलँड एक क्षण उशिरा उठला. बसतानाही तसंच. भजन सुरू झालं तेव्हा त्याचे ओठ हललेच नाहीत. गेल्या वर्षी याच पोराचा खर्जातला आवाज वृंदात सगळ्यांच्या खालून यायचा आणि बाकं थरथरायची, हे पॉमरॉयसारख्या गाण्यातल्या ढ माणसालाही आठवत होतं.

दुपारच्या डाकेने उत्तर आलं. तीनच ओळी होत्या.

'आम्ही कुठलीही वही घेतलेली नाही, पाहिलेली नाही. आम्हाला जे कळलं ते मैदानावर, सामना चालू असताना, तुमच्या क्वार्टरबॅककडून कळलं. पुढच्या वर्षीही आपला सामना आहे, त्यामुळे आमचा कर्णधार याहून अधिक सांगायला तयार नाही.'

कोचने पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर टाकलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"झालं. त्यांनी नावच घेतलं. मी त्याला चेंडू धरायला शिकवला होता, प्रोफेसर."

४. मिसेस प्रुइटचा प्रश्न

पॉमरॉय त्या दिवशी उशिरा जेवायला बसले. बाकीची माणसं उठून गेली होती. उकडलेलं मांस, बटाटे, समोर वर्तमानपत्राचा आडोसा. पण ते वाचत नव्हते.

दोन गोष्टी जुळत नव्हत्या. पहिली अशी, की वही गेली शुक्रवारी आणि समोरच्यांना चाली कळू लागल्या त्याच्या दोन सामने आधीपासून. कोचने स्वतःच सांगितलं होतं. म्हणजे वही जाणं आणि सामना हरणं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आकडे दर शुक्रवारी बदलत होते तरी गुपित फुटत होतं. म्हणजे फुटत होतं ते आकड्यांतून नव्हे. आकडे बदलले तरी न बदलणारं काहीतरी होतं.

दुसरी गोष्ट पत्रातली. मैदानावर, सामना चालू असताना. दगाफटका करणारा माणूस पाकीट पाठवतो, भिंतीआड भेटतो. हजार लोकांसमोर, खेळता खेळता, दर चालीला कोण फितुरी करतो? स्टॅडलर समोरच्यांना सांगत नव्हता. तो आपल्यातल्याच कुणाला तरी खुणेने सांगत असणार, आणि ती खूण समोरच्यांनी टिपली. पण खुणेची गरज काय? तो तर आकडे घसा फोडून ओरडत होता.

"नाही, नको," पॉमरॉय म्हणाले.

समोर मिसेस प्रुइट पळी घेऊन उभ्या होत्या. त्या मोठ्याने हसल्या.

"काय नको, प्रोफेसर? मी विचारलं, तुमचा वाढदिवस कधी असतो."

"असं होय. माफ करा बाई, माझं लक्ष नव्हतं."

"तुमचं कधी असतं? नऊ वर्षं बघतेय. मी काहीही विचारलं तरी तुम्ही आधी 'नाही' म्हणता. बटाटे वाढू का विचारलं तरी नाही, पाऊस पडतोय का विचारलं तरी नाही."

"'नाही' म्हटलं की माणूस पुढं विचारत नाही ना," पॉमरॉय खजील होऊन म्हणाले. "'हो' म्हटलं की काहीतरी गळ्यात पडतं."

हे बोलून झाल्यावर त्यांच्या हातातला काटा तसाच राहिला.

नाही, सर. नाही, सर. नाही, सर. आणि चेहऱ्यावर अदबीचं हसू.

"बाई," त्यांनी विचारलं, "तो होवलँड कुठं राहतो?"

"घोड्याचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. का हो? बिचारा चांगला आहे, पण विचित्र झालाय. पूर्वी रेल्वेच्या पुलावरून यायचा, पाच मिनिटांत गावात. आता मैलभर वळसा घालून गाडीरस्त्याने येतो. मी विचारलं तर म्हणाला, चालायला आवडतं. या थंडीत."

पॉमरॉयनी कोट चढवला. जेवण तसंच राहिलं.

ते पोचले तेव्हा चांगलंच अंधारून आलं होतं. दाराखालून दिव्याचा उजेड दिसत होता. त्यांनी दार वाजवलं. उत्तर नाही. जोरात वाजवलं. खालचा दुकानदार वर बघू लागला, पण आतून हूं की चूं नाही. कडी लावलेली नव्हती. पॉमरॉयनी दार ढकललं.

होवलँड दाराकडे पाठ करून टेबलाशी बसला होता. पॉमरॉयनी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा वर्गात मारावी तशी मारली. तो रुंद पाठमोरा पोरगा पान उलटून वाचत राहिला. त्याच्या कोपराजवळ, चांगली उघड्यावर, काळ्या पुठ्ठ्याची वही पडली होती.

५. टेबलावरचा कागद

पॉमरॉय टेबलाला वळसा घालून समोर गेले. होवलँड दचकून उभा राहिला आणि खुर्ची पडली. खुर्ची पडल्याचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"सर," तो म्हणाला. छोट्याशा खोलीसाठी तो आवाज फार मोठा होता.

पॉमरॉयनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलावरच्या कागदावर लिहिलं आणि कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला.

'केव्हापासून?'

होवलँडने वाचलं. त्याचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नसलेलं तोंड होतं ते. थोडा वेळ उघडमीट करून शेवटी त्याने बोलायला सुरुवात केली.

"उन्हाळ्यात ताप आला होता. तांबडा ताप. आधी डावा कान गेला. ऑक्टोबरात उजवाही. आता काहीच नाही. आगगाडी येते ती पायांना कळते, बस."

'वही?'

"माझी पाळी होती, सर. डाव्या बाजूवाल्यांचा शुक्रवार. सोमवारी परत टांगायला गेलो तर कुलूप. सराव का नाही तेही कुणी सांगितलं नाही." तो थांबला. "म्हणजे सांगितलं असेल."

पॉमरॉय खाली बसले. कोच ओरडला होता आणि हा रांगेत उभा होता. फलाटावर ओरडला तेव्हाही उभा होता. सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं, म्हणून यानेही पाहिलं. सबंध गावात चार दिवस एकच विषय चालला होता, न्हाव्याकडे, चर्चमध्ये, खाणावळीत. आणि ज्याच्याकडे वही होती त्या एकट्याला त्यातला शब्दही कळला नव्हता. शेजारी बसून जेवणाऱ्यांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. पॉमरॉयना पोराची कीव आली आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली. मान खाली घालून प्रश्न विचारणारे तेच होते.

'मैदानावर स्टॅडलर तुला खूण करायचा?'

होवलँडने मान डोलावली. "त्यालाच एकट्याला कळलं होतं. आकडे ओरडताना तो हात पुसायचा. डाव्या मांडीवर पुसला की डावीकडे, उजव्या की उजवीकडे. पोटावर की मधून. पण का, सर? त्याने काय केलं?"

पॉमरॉयनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सगळं लिहिलं. वही विकल्याचा आळ. खूण समोरच्यांनी ओळखली ते. स्टॅडलरचं मौन. बुधवारी दहा वाजता.

होवलँड वाचत गेला तसा तो मोठा देह बारीक होत गेल्यासारखा वाटला.

"मला घरी पाठवतील," तो म्हणाला. "बहिऱ्याला शाळा कोण देणार?"

दिलासा द्यायला म्हणून पॉमरॉयनी खोटं लिहिलं नाही. वहीला हातही लावला नाही. चोरी झालीच नव्हती, मग ती पकडायची कशी? जे होतं ते या पोराचं गुपित होतं. ते फोडायचं तर त्यानेच फोडावं, असं त्यांना वाटलं. पण त्यासाठी दुसऱ्याचा बळी देणंही बरोबर नव्हतं. त्यांनी शेवटची ओळ लिहिली.

'सव्वादहापर्यंत तू आला नाहीस तर मी सांगेन. मला सांगावं लागू नये.'

६. सव्वादहा

बुधवारी दहाच्या ठोक्याला प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली. कोच खिडकीशी, बेन्स कोपऱ्यात, कारकून कागद घेऊन टेबलाशी, स्टॅडलर मधोमध उभा. त्याच्या कोटाला इस्त्री होती. घरी जायची ट्रंक त्याने भरून ठेवली असावी.

"प्रोफेसर, तुमचं काय म्हणणं?" प्राचार्यांनी विचारलं.

"थोडं थांबू या."

"कशासाठी?"

"पंधरा मिनिटांसाठी."

कोचने सुस्कारा सोडला. प्राचार्यांनी चष्मा पुसला. दहा वाजून पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली. स्टॅडलरने एकदाच पॉमरॉयकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला कळलं होतं की यांना कळलंय.

"सर," तो हळूच म्हणाला, "नका सांगू."

दहा वाजून चौदा मिनिटांनी पॉमरॉय उठले. तेवढ्यात दार उघडलं. दार वाजवलं नव्हतं, आणि वाजवून उपयोगही नव्हता, कारण आतून 'ये' म्हटलेलं त्याला ऐकू आलं नसतं.

आमुंड होवलँडने काळी वही प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

"वही मी नेली होती," तो म्हणाला. आवाज बाहेरच्या व्हरांड्यात घुमला. लिहिणारा कारकून थांबला. "नेऊ नका म्हणून कोचनी सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मला काहीच ऐकू येत नाही. लोरिन मैदानात मला हाताने दाखवायचा. त्यांनी ते ओळखलं. त्याने काही विकलेलं नाही."

कोच मॅकक्वेड खिडकीपासून पुढं आला. यंदाच्या पूर्ण हंगामात याच पोराच्या पाठीमागून तो किती ओरडला होता, ते त्याला आठवत असावं. तो तिथल्या खुर्चीत बसला. दोन दिवसांत पॉमरॉयनी त्याला पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

"आळ मागे घेतला आहे," प्राचार्य म्हणाले. "स्टॅडलर, कॉलेज तुझी माफी मागतं. पण तू बोलला का नाहीस? तुझं शिक्षण जात होतं. एका वाक्याचं काम होतं."

स्टॅडलर जमिनीकडे बघून बोलला. तो होवलँडकडे बघत नव्हता.

"सर, तो वृंदात गायचा बंद झाला. आमच्यात जेवायला यायचा बंद झाला. चारजण बोलत असले की उठून जायचा. मैदानावर तेवढा अजून आमच्यातला होता. मी ते सांगितलं असतं तर तेही गेलं असतं. मग त्याच्याजवळ काय राहिलं असतं?"

प्राचार्यांनी रुमाल काढला.

होवलँड एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. स्टॅडलर काहीतरी म्हणाला आणि म्हातारे प्राचार्य नाक पुसू लागले, एवढंच त्याला दिसलं होतं.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.

स्टॅडलरने खिडकीकडे तोंड फिरवलं. पॉमरॉयनी कारकुनासमोरचा कागद ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत, एकही शब्द न गाळता, सावकाश, वाचता येईल अशा अक्षरात. लिहून झाल्यावर त्यांनी कागद होवलँडच्या हातात दिला.

त्याने वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग कागदाची घडी घातली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं,

"हा मी ठेवून घेऊ का, सर?"